सोटा आणि मामाचा कोसा

माझ्या मामानं मला आजवर चाबकाच्या दांडीनं मारलंय, ओल्या पंच्यानं मारलंय, मक्याच्या ताटानं मारलंय, आणि मी लांब पळालो तेव्हा कांदे फेकून मारलंय. हातानं मात्र कधीच नाही. आमच्याकडं पक्का समज आहे, की मामानं भाच्यावर हात उचलला तर म्हातारपणी मामाचे हात कापायला लागतात. मामाचा जन्म गेला शर्यतीच्या बैलांत. कापऱ्या हातात कासरा दिसला की बैल पहिल्यांदा मालकालाच आडवा करतो. म्हणून मामानं हाताचा नियम कटाक्षानं पाळला आणि घरातली बाकीची सगळी अवजारं माझ्यावर चालवून पाहिली.

मार खाण्याच्या बाबतीत मी मामापुरता कधीच थांबलो नाही. शाळेत मास्तरांचा खाल्ला, घरी चुलतीचा खाल्ला, एसटीत कंडक्टरचा खाल्ला. पुढं कॉम्प्युटर शिकलो, जुन्नरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायला लागलो, आणि अंगावर कुणी येईना झालं. तेव्हा मला त्या सगळ्यांची आठवण यायला लागली. त्या आठवणीतूनच माझा 'सोटा' तयार झाला.

सोटा म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत चालणारा एक चिमुकला प्रोग्राम. आमच्या धंद्यात सगळं स्वतः लिहिण्याइतका कष्टाळू कुणी नसतो. घड्याळाचा भाग एकानं लिहिलेला असतो, आवाजाचा दुसऱ्यानं, पडद्यावर आकडे दाखवायचा तिसऱ्यानं. अशा तयार गठ्ठ्यांना पॅकेज म्हणतात. हवं ते पॅकेज त्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून मागवायचं, नको झालं की तसंच नाव टाइप करून काढायचं. अडचण असते ती नावांची. मालगाडीसारखी लांब, मध्ये आडव्या रेघांच्या कड्या, शेवटी गार्डाच्या डब्यासारखा एखादा आकडा. त्यात एक अक्षर चुकलं की खिडकी लाल अक्षरांत तोंडावर थुंकते.

आता आमच्या गावात पाळण्यातलं नाव लग्नाच्या पत्रिकेपुरतं असतं. जन्मभर माणूस ज्या नावानं हाक खातो ते वेगळंच आणि आटोपशीर असतं. तीच रीत मी पॅकेजांना लावली. लांब नाव एकदाच सांगायचं, त्याला छोटं नाव जोडायचं, पुढं फक्त छोट्या नावानं बोलायचं. घड्याळाच्या पॅकेजला मी नाव दिलं 'मामा', कारण त्याचा नेम कधी चुकत नसे. पडद्याचं 'मास्तर', कारण त्यांनी छडीनं लिहिलेलं पाठीवर आठवडाभर वाचता यायचं. भोंग्याचं 'चुलती', कारण तिच्या माराच्या आधी आवाज पोचायचा. 'सोटा हाण मामा' असं टाइप केलं की घड्याळ बसायचं. 'सोटा उखड मामा' म्हटलं की मुळासकट निघायचं. टाइप सगळं इंग्रजी अक्षरांत करायचं, पण कळ दाबताना आवेश मराठीच असायचा.

या सोट्यात मी दोन हुशाऱ्या केल्या होत्या. एक म्हणजे, अशी बाकीची अवजारं काही उखडण्यापूर्वी विचारतात, 'नक्की काढू का?' तो प्रश्नच मी काढून टाकला. मला आजवर ज्यांनी बडवलं त्यांतल्या एकानंही आधी परवानगी मागितली नव्हती. दुसरी हुशारी एसटीतली. खिडकीतून आधी रुमाल टाकील त्याची जागा. एखादं छोटं नाव एका पॅकेजला आधीच दिलेलं असेल आणि चुकून तेच पुन्हा दुसऱ्याला दिलं, तर सोटा आधी बसलेल्याला उठवत नसे. भांडतही नसे. नुसतं 'झालं' म्हणून मोकळा व्हायचा. आपल्या अवजारानं उगाच कटकट करू नये, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मामाचं गाव बोरी बुद्रुक. त्याच्या गोठ्यात कोसा नावाचा, म्हणजे अंगाच्या करड्या रंगानंही कोसाच, खिलार बैल होता. हा कोसा एके काळी जुन्नर-आंबेगावचे घाट गाजवून आलेला. घाट म्हणजे शर्यतीचा चढाचा मातीचा पट्टा. आमच्याकडं गाड्याला चार बैल जुंपतात, गाड्यावर माणूस बसत नाही, पुढं एक घोडी पळते आणि तिच्यामागं बैल खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत असे सुटतात, की मध्ये आलेल्या माणसाचं नंतर फक्त पागोटं सापडतं. कोसा पुढच्या जोडीत पळायचा. पळण्याखेरीज त्याला दुनियेत काहीच आवडत नसे, आणि माणसं तर मुळीच नाही. त्यानं एकाचा खांदा उतरवला होता, एकाची बरगडी मोडली होती, आणि दिवाळीच्या सुमारास खुद्द मामाच्या मांडीत शिंग घातलं होतं. मामा टाके घालून घरी आला आणि खाटेवरून बैलाचीच चौकशी करायला लागला. तेव्हा मामी दारात उभी राहिली.

"आता ह्यो तरी ऱ्हाईल, न्हाई तर मी तरी," मामी म्हणाली.

"आगं, त्याचं वय झालंय. वयात मानूस बी चिडतं."

"मानूस शिंगं घालत न्हाई."

बरीच रणधुमाळी होऊन अखेर तह ठरला तो मामीच्या अटीवर. "मंग दाजींच्या गावच्या यात्रेला पळवा त्याला. पैल्या नंबरात आला तर मरंस्तवर हितं बसून खाऊ दे, मी सवता वैरन टाकीन. न्हाई आला, तर लगीच सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात दावं सोडायचं. आन मधी बोलायचं न्हाई कुनी."

म्हातारा, मारका, माणसात न बसणारा बैल बाजारात कोण आणि कशाला घेईल, हे मामाला माहीत होतं. मामीलाही माहीत होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं गाव आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी, आणि तो तिथल्या यात्रा कमिटीत. त्यांच्या घाटावर दरवर्षी सेकंदावरून हाणामारी व्हायची. ठरलेल्या सेकंदांच्या आत जो गाडा वर पोचेल तो पहिल्या नंबरात, असे कितीही गाडे पहिल्या नंबरात येऊ शकतात. पण घड्याळ माणसाच्या हातात, आणि ज्याचा गाडा हुकला त्याच्या मते ते नेहमी दुसऱ्याच्या खिशात. मागच्या यात्रेत घड्याळवाल्याला लोकांनी मंडपाच्या बांबूला बांधून ठेवलं होतं. तो परत यायला तयार नव्हता.

दाजी मला म्हणाला, "पावणं, तुमी दिसभर खोलीत बसून काय करता ते आमच्या बापजन्मात कळायचं न्हाई. पर घड्याळ करता येतं का तुमाला?"

मी छाती फुगवली. खालच्या रेघेवर एक किरण, वरच्या रेघेवर एक किरण. पहिला तुटला की घड्याळ सुरू, दुसरा तुटला की बंद, मोठ्या पडद्यावर आकडे, आणि गाडा पोचला की भोंगा. भोंगा कुणीच मागितला नव्हता. तो माझ्या मनाचा मोठेपणा.

मामाला हे कळलं तेव्हा त्यानं मला गोठ्यापाशी बोलावलं. "भाचं, तुझ्या घड्याळावं माझा कोसा सोडू?"

"डोळं झाकून सोडा, मामा."

"डोळं झाकून तुला शाळंत घातला व्हता," मामा म्हणाला आणि मांडी चोळत बैलाला खरारा करायला गेला.

यात्रेच्या दिवशी मी घाटाच्या वरच्या अंगाला, मंडपात टेबल टाकून बसलो. लॅपटॉप उघडा, वायरी जोडलेल्या, पडद्यावर लाल शून्यं झळकत होती. लोक येऊन ती शून्यं बघून जात होते आणि मी मान हलवून नमस्कार घेत होतो. तेवढ्यात कमिटी पूजेला आली. बैलांची पूजा झाली, गाड्याची झाली, आणि अध्यक्षांच्या लक्षात आलं की यंदा घाटावर आणखी एक पळणारी वस्तू आहे. आमच्याकडं नवं काही आलं की त्याची पूजा होते. ट्रॅक्टरची होते, मोटरपंपाची होते, बोअरची होते. लॅपटॉपची का नको? मी 'अहो' म्हणेपर्यंत हळदकुंकवाची बोटं पडद्यावर उमटली आणि भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, मूठ कळांवर पडली.

"नारळ बाहेर फोडा," मी ओरडलो.

"बाहीर कशाला? ज्याची पूजा त्याच्याम्होरंच फुटाया पायजे," म्हणून अध्यक्षांनी टेबलाच्या कडेला ठेवलेल्या दगडावर नारळ असा हाणला की त्यातलं एक शकल मंडपाला भोक पाडून गेलं आणि पाणी सरळ लॅपटॉपच्या तोंडात. भंडारा आणि नारळाचं पाणी एकत्र आलं की त्याची खळ होते, हे मला त्या दिवशी कळलं. खळ कळांच्या फटीतून आत गेली. दिवे गेले.

दाजी म्हणाला, "लई शुभ व्हतं, पावणं. पानी आत गेलं म्हंजे देवानं घेतलं."

लॅपटॉप उलटा करून बडवला. आमच्या घराण्यात दुरुस्तीची एवढी एकच पद्धत आहे. बहिणीनं पदरानं पुसला, मी बॅटरी काढून घातली, आणि बऱ्याच बडवण्यानंतर तो जागा झाला. पण घड्याळाचं पॅकेज गडबडलं होतं, ते नव्यानं बसवणं भाग होतं. मी 'सोटा हाण मामा' लिहायला गेलो तर 'म'ची कळ मेलेली. 'च'ची मेलेली. कळफलकावर जागोजाग मुडदे. यात्रेत फुगे होते, पिपाण्या होत्या, लाकडी बैल होते, कळफलक कुणी विकत नव्हतं. मग मी डोकं लढवलं. माउसनं यादीतून घड्याळाचं लांब नाव उचललं आणि त्याला जिवंत असलेल्या कळेचं नवं छोटं नाव दिलं. नुसतं 'ट'. 'सोटा हाण ट.' झालं. घड्याळ बसलं. शून्यं पुन्हा झळकली आणि मी घाम पुसत स्वतःवर खूश झालो.

पहिल्या बाऱ्या सुटल्या. बारी म्हणजे एका गाड्याची एक पळण्याची पाळी. यात्रेत एका बैलाला एकच बारी. पळून आलेला बैल त्या दिवशी पुन्हा जुंपत नाहीत, जुंपणाऱ्याला देव बघून घेतो. निवेदक लाउडस्पीकरवर 'भिर्रर्रर्र' करत होता, भंडारा उडत होता, आणि आकडे बरोबर पडत होते. एवढंच की दर बारीला माझा भोंगा कोकलत होता आणि वर पोचलेले बैल बिथरत होते. कुणीतरी येऊन "भोंगा बारीक करा" म्हणालं. मी म्हणालो, "सवय होईल."

बैलाला सवय झाली नाही. एका गाड्याचा काळा बैल भोंग्यासरशी असा उसळला, की धरायला धावलेल्या चौघांना त्यानं ओल्या धुण्यासारखं झटकलं, मंडपाचा खांब मोडला, आणि निवेदकाला माईकसकट उचलून खुर्च्यांवर टाकलं. निवेदकाचा 'भिर्रर्र' मध्येच 'आई गं' झाला आणि तो सगळ्या घाटानं लाउडस्पीकरवर ऐकला. एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बैलाचा मालक हातात दांडकं घेऊन माझ्या टेबलाकडं यायला लागला.

"त्यो भोंगा काढ! काढ आत्ताच्या आत्ता, न्हाई तर तुलाच कोकलाया लावतो!"

"काढतो, काढतो," मी म्हणालो आणि सोटा उपसला.

भोंग्याचं छोटं नाव 'चुलती'. 'च' मेलेला. म्हणजे त्यालाही नवं छोटं नाव द्यायला हवं. दांडकं जवळ येत होतं. मी माउसनं भोंग्याचं लांब नाव उचललं, आणि बोट सवयीनं जिथं गेलं तिथं दाबलं. 'ट'. सोटा म्हणाला, 'झालं'. मी लिहिलं, 'सोटा उखड ट'. सोटा म्हणाला, 'झालं'. सगळं नव्यानं सुरू केलं, पडद्यावर शून्यं आली, आणि मी दांडकेवाल्याला हात जोडून म्हणालो, "मुळासकट उखडला."

आता एसटीचा रुमाल आठवा. 'ट'च्या जागेवर घड्याळ आधीच बसलेलं होतं. भोंग्याला सोट्यानं जागा दिलीच नव्हती, नुसतं 'झालं' म्हणून बोळवण केली होती. मी मुळासकट उखडलं होतं ते घड्याळ. पडद्यावरची शून्यं गाड्याची वाट बघत नव्हती. ती मेली होती.

पुढची बारी मामाची होती.

खाली मामा कोशाच्या कानाशी काहीतरी बोलला. एवढं लांबून मला दिसलं ते असं, की कोशानं मान झटकली, मामा बाजूला झाला, आणि मग पट्ट्यावर फक्त धूळ होती. म्हाताऱ्या बैलाचं पळणं मी असं पाहिलं नव्हतं. घोडी मागं बघून घाबरली. जोडीचा तरणा बैल फरफटल्यासारखा वाटत होता. चार-पाच हजार माणसं एकदम किंचाळली. कोसा वरची रेघ तुडवून गेला.

भोंगा कोकलला.

पडद्याकडं बघायची गरजच नव्हती, तरी पाहिलं. लाल शून्यं. सगळी गोल, सगळी शांत.

कोसा भोंग्यानं पिसाळून टेबलावर आला. मी मागं पडलो म्हणून वाचलो. टेबलाचे दोन तुकडे झाले आणि लॅपटॉपवर त्याचा खूर असा पडला की 'म' आणि 'च'बरोबर बाकीची बाराखडीही देवाघरी गेली. त्याला आवरला, बाजूला नेला, आणि मग माणसांची बारी सुटली.

"पैल्या नंबरात हाय! आंधळा बी सांगंल!" बोरीकर ओरडले.

"पडद्यावं दावा! पडद्यावं न्हाई ते घाटात न्हाई!" दुसऱ्या गाड्यांचे मालक ओरडले.

कुणीतरी म्हणालं, मोबाइलवर शूटिंग असंल. होती ना, शेकड्यानं होती. कुणी गाडा सुटल्यावर सुरू केलेली, कुणी पोचण्याआधी बंद केलेली, कुणाच्यात निम्मा वेळ शेजाऱ्याचा कान. प्रत्येक मोबाइलचं सेकंद वेगळं निघालं आणि प्रत्येक सेकंदासाठी एक नवं भांडण लागलं. पहिली थप्पड कुणी मारली माहीत नाही. दुसरी मला बसली. मग खुर्च्या उडाल्या, मंडपाचे बांबू उपटले गेले, पिपाण्यांचा गाडा उलटला. ज्या दांडकेवाल्याला मी हात जोडले होते त्यानं दांडकं अखेर वापरलंच. बोरीकरांनी मारलं ते घड्याळ बंद पडलं म्हणून, दाजीच्या गावानं मारलं ते गावाचं नाव गेलं म्हणून, आणि एका अनोळखी म्हाताऱ्यानं चप्पल काढून मारली, त्याला कारण विचारलं तर म्हणाला, "समदी मारत्यात तर काय तरी केलंच असशील." दात हलला, ओठ फाटला, डाव्या डोळ्यातून दुनिया जांभळी दिसायला लागली.

दाजीनं मला मंडपाच्या कापडात गुंडाळून बाहेर काढलं. बहीण पाण्यानं माझं तोंड धुत होती. तिला मी सगळा प्रकार सांगितला, मेलेल्या कळा, 'ट', उखडणं. दाजी मध्येच म्हणाला, "आवो पावणं, पर भोंगा बंद करायचा तर वायर वढायची व्हती की!"

त्यावर बहीणसुद्धा मला मारेल असं वाटलं. तिनं फक्त फडकं जरा जोरात पिळलं.

कमिटीनं निकाल दिला. बारी बाद. दुसरी बारी देता येत नाही. मामा समोर उभा होता, पागोटं हातात, अंगावर धूळ. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीवर बसलेलो. जवळच चाबूक पडला होता, बांबू पडले होते, फुटका नारळ पडला होता. मी मनात म्हणालो, उचल मामा, यातलं काहीही उचल. त्याचा उजवा हात वर आला. रिकामा. तिथंच थांबला आणि थरथरायला लागला. अजून मारलंही नव्हतं. मग त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला आणि बैलाकडं निघून गेला.

तेवढा मार मला त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा लागला नाही.

सोमवारी सकाळी मामीचा फोन आला. "पिकअप दारात हाय, चालवाया ये. कोसा बेल्ह्याला चाललाय. त्येंची मांडी दुखतीय, पोरं न्हाई म्हनत्यात. तूच ने. तुझ्यापाईच चाललाय."

मी सुजलेल्या तोंडानं बोरीला गेलो. मामीनं पिकअपमध्ये पेंढा अंथरला होता, चांगला जाड. अंगणात फळी लावली होती. मामा ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. यात्रेपासून माझ्याशी बोलला नव्हता. कोशाची शिंगं तेलानं चमकत होती. बाजारात न्यायच्या बैलाला कुणी तेल लावत नाही.

"मामी, पळाला तो. पहिल्या नंबरात होता. माझ्या डोळ्यांनी..."

"डोळं नगं सांगू. अट नंबराची व्हती."

"मग बारी झालीच नाही असं धरा. बारीच नाही तर हरला कुठं?"

"वकील झालास व्हय रं? दावं धर."

मी दावं धरलं. कोसा मुकाट्यानं चालायला लागला. फळीपाशी आला, पुढचे पाय वर ठेवले, आणि थांबला. मी पुढून ओढत होतो. ओढताना मला वाटलं, निदान याची तरी माफी मागावी. मी त्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलं बाबा."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, ऐकतोय.

मग आभाळ खाली आणि उकिरडा वर होता. शिंगाचं टोक बरगडीला खरवडून गेलं, मी हवेत उलटा झालो, आणि पडलो तो उजव्या हातावर. कोपराच्या खाली सुकं लाकूड मोडावं तसा कटकन आवाज आला. कोसा फळीवरून उतरला, माझ्यापाशी आला, एकदा हुंगलं, आणि शेपटी उडवत आपल्या गोठ्याच्या दिशेनं तोंड करून उभा राहिला. काम झाल्यासारखा.

मग मामीनं विचारलं, "मोडला का?"

"मोडला," मी उकिरड्यातून म्हणालो.

मामीच्या तोंडावरचा पदर हलायला लागला. मला वाटलं रडतीय. ती हसत होती. दिवाळीपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. तिनं मामाकडं वळून पाहिलं.

"बगा. तुमाला हात लावता येत न्हाई, तर त्यानं केलं तुमचं काम."

"म्या न्हाई सांगितलं त्याला," मामा घाईघाईनं म्हणाला.

"तुमी कशाला सांगताय? घरचाच हाय त्यो. त्याला कळत न्हाई का, कुनाचं वाटोळं कुनी केलं." ती कोशापाशी गेली आणि माझ्या हातातून निसटलेलं दावं उचललं. कोशानं शिंग हलवलं नाही. "चल रं. मांडीचं मी इसारले न्हाई, पर ह्ये बी ध्यानात ठिवीन." ती त्याला गोठ्यात घेऊन गेली आणि वैरण टाकल्याचा आवाज आला.

पिकअप तयारच होता. हाड बसवायला आळेफाट्याला जायचं ठरलं, आणि बैलासाठी अंथरलेल्या जाड पेंढ्यावर मला आडवा टाकला. मामा दुखऱ्या मांडीनं स्वतः चालवायला बसला. पडल्या पडल्या माझं डोकं साफ चालायला लागलं. एकदम लक्षात आलं, की माउसनं लांब नाव उचलता येत होतं तर पडद्यावरचं 'चुलती' हे नावही जसंच्या तसं उचलता आलं असतं. नव्या नावाची गरजच नव्हती. मी मागून काचेवर डाव्या हातानं टकटक केली आणि मामाला हे सांगितलं. बरा झाल्यावर सोट्यात काय काय दुरुस्त करणार तेही सांगितलं. उखडायच्या आधी तो आता विचारील, आणि नाव आधीच कुणाचं असेल तर सरळ भांडील.

यात्रेनंतर मामा माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "मंजी आता इचारनार?"

"हो. 'नक्की उखडू का' म्हणून विचारणार."

"बरं," मामा म्हणाला. मग आरशातून माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "भाचं, पुढं रस्ता लई खराब हाय. नीट झोपलायस का?"

"झोपलोय, मामा."

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. जरासुद्धा कापत नव्हते. आळेफाट्यापर्यंत त्यानं एकही खड्डा चुकवला नाही.